कोरेगाव ते संविधान : बाबासाहेबांचे प्रजासत्ताक

दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने कोरेगाव भीमाला जातो. विजयस्तंभाला मानवंदना देतो, स्टॉलवरून पुस्तके घेतो आणि घरी परततो. त्यानंतर २५ दिवसांनी २६ जानेवारी येते. त्या दिवशी मात्र आपल्यातले बरेच जण घरीच असतात. झेंडावंदन म्हणजे शाळेचा किंवा सरकारी कार्यक्रम, असे आपण धरून चालतो. या दोन्ही तारखा बाबासाहेबांच्या आयुष्याने एकमेकींना बांधल्या आहेत. ती गाठ ओळखली नाही, तर १ जानेवारीचा अर्थही आपल्या हाती अर्धाच लागतो, असे आम्हाला वाटते.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कंपनीच्या सुमारे ८०० सैनिकांनी दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरले. स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. ज्या पेशवाईने त्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, तिच्या शेवटाला त्यांचा हातभार लागला. पण नंतर जे राज्य आले ते कंपनीचे होते, त्या सैनिकांचे नव्हते.

याचा अनुभव बाबासाहेबांच्या घरानेच घेतला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. ते लहान असतानाच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांच्या पिढीने अर्ज केले, पराक्रमाची आठवण करून दिली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली गेली. रक्त सांडणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा, असा हा व्यवहार होता.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला आले तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टरी, मुंबई विधिमंडळाचे सदस्यत्व एवढे सारे गाठीशी होते. त्यांच्या भेटीनंतर हे ठिकाण चळवळीच्या नकाशावर ठळक झाले. पण बाबासाहेब स्तंभापाशी थांबून राहिले नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये ते महाडला गेले.

चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, पण तो कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे शुद्धीकरणही झाले. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले. त्या परिषदेतल्या भाषणात त्यांनी १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच लोकांच्या सभेची आठवण करून दिली आणि आपली सभाही तशीच समाजाची नवी घडी बसवण्यासाठी असल्याचे सांगितले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. परिषदेत मानवी हक्कांचा जाहीरनामाही मंजूर झाला. जुना कायदा जाळायचा आणि त्याच मांडवात नव्या कायद्याचा पाया घालायचा, ही आमच्या मते आपली क्रांती. त्यात बंदूक नव्हती.

तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे न्यायालयात चालला. बाबासाहेबांनी तो सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

दरम्यान गोलमेज परिषद, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूर खाते असा प्रवास झाला. १९४६ मध्ये ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा मुंबईतून पुन्हा निवडले गेले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि त्यांच्याकडे तिचे अध्यक्षपद आले.

आता संविधानाचा १५ वा अनुच्छेद काढून वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे तिथे आहे. एका देशाच्या मूलभूत कायद्यात तलाव आणि विहिरीचे नाव का यावे, हे महाड माहीत असलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच संपवली.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सभागृहाला सांगितले की लोकशाही या देशाला परकी नाही. ठराव, गणपूर्ती, मतदान या रीती भिक्खू संघात होत्या. त्याच भाषणात त्यांनी बजावले की राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता अशी विसंगती घेऊन हे प्रजासत्ताक सुरू होत आहे. ती दूर झाली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उधळून लावतील. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी सांगितले. बाबासाहेबांचा जयजयकार करणाऱ्या आपल्यालाही तो इशारा लागू आहे.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली. कायद्याने समता आणि स्वातंत्र्य लिहिता येते, बंधुता मात्र माणसाच्या मनात रुजवावी लागते; त्यासाठी धम्म होता. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी योजलेला पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला. त्याचे नाव रिपब्लिकन, म्हणजे प्रजासत्ताकवादी. त्या नावाचे पुढे किती तुकडे झाले, हे आपण सारे जाणतो.

कोरेगावच्या सैनिकांनी लढाई जिंकली, पण राज्य दुसऱ्याचे राहिले. बाबासाहेबांनी हातात शस्त्र न घेता असे राज्य घडवले, ज्यात त्या सैनिकांच्या वंशजांचे मत कोणाच्याही मताइतकेच मोजले जाते. म्हणून २६ जानेवारी ही आपली तारीख आहे. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला आजही वेगळे स्मशान दिसते, वस्तीपर्यंत न पोहोचलेली नळाची लाइन दिसते. २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा होतात. यंदा स्तंभाला वंदन करून आलेल्या प्रत्येक तरुणाने त्या सभेत बसावे, स्मशानाचा आणि पाण्याचा प्रश्न विचारावा आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये. महाडचा ठरावही आधी कागदावरच होता.

जयभीम.