एक्सप्लेनर : घरी हौसेनं बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा का? उत्तर मोरारजी देसाईंच्या आयुष्यात

परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यात बसून आज मोबाईलवरून जवाचं माल्ट, हॉप्स आणि यीस्ट मागवता येतं. झाकणाची बादली, नळी आणि रिकाम्या बाटल्या गावातच मिळतात. कृतीचे व्हिडिओ तर ढिगानं आहेत. माल्ट गरम पाण्यात भिजवायचं, गाळून आलेलं गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, थंड झालं की यीस्ट टाकायचं. एक-दोन आठवड्यांत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. मग थोडी साखर घालून बाटल्या बंद करायच्या. साखर जास्त झाली तर बाटली फुटते, एवढाच काय तो धोका.

पण दुसरा धोका कायद्याचा आहे आणि तो बाटली भरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 12 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. कलम 13 आणखी पुढे जातं. मद्य बनवण्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणं नुसती जवळ बाळगणंही त्यात येतं. म्हणजे बिअरचा एक थेंब तयार झालेला नसला, तरी त्या हेतूनं मांडलेली बादली अडचणीत आणू शकते. स्वतःपुरती बनवली, विकली नाही, हा बचाव इथे चालत नाही.

इतका कडक कायदा आला कुठून? त्यासाठी एका माणसाचं आयुष्य पाहावं लागतं.

डेप्युटी कलेक्टर ते गृहमंत्री

मोरारजी देसाईंचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा, वलसाडजवळच्या भदेली गावातला. वडील शिक्षक. मोरारजी पंधरा वर्षांचे असताना ते गेले आणि घराची जबाबदारी या थोरल्या मुलावर आली. मुंबईच्या विल्सन कॉलेजमधून पदवी घेऊन 1918 मध्ये ते प्रांतिक सेवेत डेप्युटी कलेक्टर झाले. बारा वर्षांनी, 1930 मध्ये, नोकरी सोडून गांधीजींच्या चळवळीत उतरले आणि तुरुंगात गेले. शिस्त, खादी, शाकाहार आणि दारूला विरोध या गोष्टी त्यांच्यासाठी प्रचाराचे मुद्दे नव्हते, रोजचं जगणं होतं. पुढच्या राजकारणात त्यांची हीच ताकद ठरली आणि हीच अडचणही.

1937 मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. त्याच सरकारनं 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. ते खातं मात्र मोरारजींकडे नव्हतं, डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. काही महिन्यांतच महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली आणि प्रयोग अर्धवट राहिला.

1946 मध्ये खेर सरकार परतलं, तेव्हा गृह आणि महसूल ही दोन्ही खाती मोरारजींकडे आली. पोलीसही त्यांचे आणि तिजोरीत येणारा जमिनीचा पैसाही. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा याच काळातला. एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी सुरू झाली.

स्तुती केली तरी गुन्हा

मूळ कायद्याचा आवाका आज वाचताना थक्क करतो. मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कोणताही द्रव बसवला होता. मद्याची स्तुती करणंही गुन्हा होता. औषधं आणि कोलोनसुद्धा जाळ्यात आले. एफ. एन. बलसारा या मुंबईकरानं कोर्टात धाव घेतली. 25 मे 1951 ला सर्वोच्च न्यायालयानं औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंवरचे, तसंच स्तुतीबद्दलचे निर्बंध रद्द केले. बाकी कायदा मात्र टिकवला. द्राक्षासव दुकानात मिळतं, कारण औषधांना पुढे कायद्यातच सूट मिळाली. खरं तर तेही आंबवूनच बनतं आणि त्यातही अल्कोहोल असतं.

या कायद्यात एक फरक कुणी केलाच नाही, आणि घरी बिअर बनवणाऱ्याच्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. आंबवलेल्या बिअरमध्ये साधारण 4 ते 6 टक्के अल्कोहोल असतं. हातभट्टीत काळा गूळ, नवसागर घालून रसायन सडवतात आणि मग उकळून वाफ थंड करतात. तिथे तीव्रता कितीतरी वाढते. विषारी दारूचे बळी जातात ते या गाळलेल्या दारूत किंवा तिच्या नावाखाली विकलेल्या मिथेनॉलमध्ये. कायद्यानं दोन्हींना एकाच ओळीत बसवलं. गंमत अशी, की बंदीच्या काळात मुंबईत फोफावली ती हातभट्टीच. गल्लीबोळांत ‘आंटी’चे अड्डे उभे राहिले. सौम्य बिअर लपवून नेण्यापेक्षा कडक दारू लपवणं सोपं, हा साधा हिशोब होता.

कायदा मराठवाड्यात आला तेव्हा

1952 च्या निवडणुकीत मोरारजी स्वतः अवघ्या 19 मतांनी हरले, तरी मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांच्या सरकारनं केलेला गोळीबार मराठी माणूस अजून विसरलेला नाही. दारूबंदीपेक्षा त्यांची इथली ओळख त्यानंच ठरवली.

चुडावा तेव्हा त्यांच्या राज्यात नव्हताच. परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि तिथे आबकारीचा वेगळा कायदा चालत होता. शिंदीचं दुकान सरकारी लिलावानं जायचं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच वेळी मोरारजी दिल्लीला निघाले. त्यांचा कायदा मराठवाड्यात पोचला तो त्यांच्यामागून.

दिल्लीत अर्थमंत्री असताना त्यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. लोकांच्या माजघरात डोकावण्याची सवय जुनीच होती, असं म्हणायला जागा आहे. इकडे महाराष्ट्रानं 1960 च्या दशकात दारूबंदी सैल केली. कायदा रद्द केला नाही, परवाने वाढवले. बिअर आणि वाईन उत्पादनाचे नियम 1966 मध्ये आले, ते कारखान्यांसाठी. गुजरातनं मात्र तोच कायदा घेऊन बंदी कायम ठेवली.

1978 : एक योगायोग

मार्च 1977 मध्ये मोरारजी पंतप्रधान झाले आणि चार वर्षांत देशभर दारूबंदीचं उद्दिष्ट जाहीर झालं. जानेवारी 1978 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत त्यांना भेटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यानं अमेरिकेत घरी बिअर बनवणं केंद्रीय करातून मोकळं झालं. एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200 गॅलन, विक्री नाही. ब्रिटननं तर 1963 मध्येच घरगुती बिअरचा परवाना काढून टाकला होता. अमेरिकेत याच हौशी मंडळींमधून पुढे छोट्या ब्रुअरी उभ्या राहिल्या.

जुलै 1979 मध्ये मोरारजींचं सरकार पडलं. देशव्यापी दारूबंदी बारगळली. 10 एप्रिल 1995 ला मुंबईत, वयाच्या 99 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्रात आज मायक्रोब्रुअरीला परवाना मिळतो. पुण्यात 2009 पासून ताजी बिअर ग्लासात मिळते. पण तो परवाना व्यवसायाचा आहे. घरातल्या वीस लिटरच्या बादलीसाठी, स्वतःपुरत्या हौसेसाठी, कायद्यात वेगळी सोय नाही. चुडाव्यातल्या त्या तरुणानं पार्सल उघडण्याआधी कलम 13 एकदा वाचलेलं बरं.