तीस वर्षं रानटी झाडांचे फोटो काढले आणि साठी ओलांडल्यावर हे मास्तर जगभर गाजले

पावसाळा आला की सोशल मीडियावर फुलापानांच्या क्लोज-अप फोटोंचा पूर येतो. मोबाईलमध्ये मॅक्रो मोड असतो, फूलही झकास असतं, तरी फोटोत मजा येत नाही. मागे कुंडी दिसते, बाजूने तीन पानं घुसलेली असतात आणि नेमकं बघायचं काय तेच कळत नाही.

या दुखण्यावरचा इलाज शंभर वर्षांपूर्वीच एका जर्मन मास्तरांना सापडला होता. गंमत म्हणजे फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतलंच नव्हतं.

त्यांचं नाव कार्ल ब्लॉसफेल्ट.

१८६५ साली हार्झच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. शाळा सुटल्यावर कार्ल लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. तिथे गेट आणि जाळ्यांवर पानाफुलांची नक्षी असायची. पुढे तो कला शिकायला बर्लिनला आला आणि १८९० च्या दशकात मोरिट्झ मॉयरर या कलाशिक्षकांबरोबर इटलीला गेला. नक्षीकाम शिकायचं तर जुन्या नकला मारू नका, थेट झाडांकडे बघा, असा मॉयरर यांचा आग्रह होता. झाडांचे नमुने गोळा करता करता कार्लच्या हाती कॅमेरा आला.

त्याच दशकाच्या अखेरीस ब्लॉसफेल्ट बर्लिनच्या कलाशाळेत शिकवू लागले. विषय होता, झाडं समोर ठेवून त्यांचे आकार घडवणं. पण अडचण अशी की तोडलेलं झाड कोमेजतं आणि कळीवरचे बारकावे मागच्या मुलांना दिसत नाहीत. म्हणून त्यांनी घरीच जुळवलेल्या कॅमेऱ्यावर फोटो काढायला सुरुवात केली. ते वर्गात मोठे करून दाखवायचे. काही फोटोंत तर झाडाचा भाग मूळ आकाराच्या ३० पट मोठा दिसतो.

महागडी फुलं त्यांनी फारशी वापरली नाहीत. रस्त्याकडेला, रेल्वेरुळांच्या बाजूला उगवणारं तण त्यांना चालायचं.

खरी करामत फोटो काढण्याआधी व्हायची.

मागे राखाडी, पांढरा किंवा काळा पुठ्ठा. त्यामुळे नजर दुसरीकडे जायचा प्रश्नच नाही. मग कात्री घेऊन नको असलेली पानं आणि फांद्या छाटायच्या. मऊ उजेड घ्यायचा, म्हणजे उठाव दिसतो पण सावल्या बोचत नाहीत. कॅमेरा एकतर अगदी समोर, नाहीतर बरोबर डोक्यावर. आणि झाडाने चौकट भरून टाकायची.

एवढं केल्यावर नेच्याची गुंडाळलेली कोवळी पानं कोरीव काठीच्या मुठीसारखी दिसू लागली. भोपळ्याच्या वेलीचे तणावे लोखंडी जाळीची आठवण करून देऊ लागले. कारखान्यात शिकलेली नजर इथे कामाला आली.

ते एकच फोटो काढून थांबत नसत. छोट्या प्रिंट कापून पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायच्या आणि कुठला आकार कुठल्या चौकटीत उठून दिसतो ते तपासायचं, अशी त्यांची पद्धत होती. असे हजारो फोटो जमले. पण कलाशाळेबाहेर त्यांना जवळपास कुणी ओळखत नव्हतं. स्वतः ब्लॉसफेल्टही त्यांच्याकडे शिकवण्याचं साहित्य म्हणूनच बघत होते.

१९२६ मध्ये बर्लिनचे गॅलरीवाले कार्ल निरेनडॉर्फ यांनी या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. १९२८ मध्ये १२० फोटोंचं पुस्तक आलं. 'कलेची आदिरूपं' असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. पुस्तक तुफान गाजलं, परदेशातही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. वॉल्टर बेंजामिन यांच्यासारख्या विचारवंताने त्यावर लिहिलं.

१९३२ मध्ये दुसरं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्लॉसफेल्ट वारले. प्रसिद्धी जेमतेम सहा वर्षं वाट्याला आली, तीही आयुष्याच्या शेवटी.

त्यांच्या फोटोंत निसर्ग जसाच्या तसा नाही, छाटलेला आणि मांडलेला आहे, हेही खरं. जंगलात आज कुणी अशी कात्री चालवू नये. पण कात्रीचं बरंचसं काम जागा बदलूनही होतं. दोन पावलं सरकून मागे मोकळं आकाश किंवा सावली आणली, थोडं वाकून फुलाच्या उंचीला आलं, की नको ती पानं आपोआप चौकटीबाहेर जातात.