हाइनरिश हर्ट्झ

रेडिओ केंद्राच्या नावाबरोबर किलोहर्ट्झ, मेगाहर्ट्झ हे शब्द आपण ऐकतो. त्यांत एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. अवघे ३६ वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले.

हाइनरिश हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग येथे एका वकिलाच्या घरी झाला. शालेय वयात ते सुतारकाम शिकले आणि अरबी भाषाही! आपल्या विद्यार्थ्यांना याचे कौतुक वाटेल. पुढे इंजिनिअरिंग सोडून ते पदार्थविज्ञानाकडे वळले.

१८७९ मध्ये बर्लिनच्या अकादमीने मॅक्सवेलच्या विद्युत्चुंबकीय सिद्धान्तासंबंधी बक्षिसाचा प्रश्न जाहीर केला. गुरू हेल्महोल्ट्झ यांनी तो हर्ट्झ यांना सुचविला. त्यांनी हिशेब मांडला. उपलब्ध साधनांनी परिणाम दिसण्याइतका मिळणार नाही असे आढळले, म्हणून नकार दिला. मात्र प्रश्न मनातून गेला नाही.

१८८६ साली कार्ल्सरूहे येथे तारांची वेटोळी हाताळताना एकातील विजेमुळे शेजारच्या वेटोळ्यात ठिणगी पडलेली त्यांना दिसली. तोच धागा धरून त्यांनी मधे फट असलेली सरळ तार घेऊन तिच्यात ठिणग्या पाडल्या. हीच पहिली अँटेना म्हणता येईल. दूर धरलेल्या तारेच्या कड्यातील बारीकशी ठिणगी ते अंधारात पाहत. भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून त्यांनी लहरी परतविल्या व १८८८ मध्ये तरंगलांबी मोजली.

पण तारेतील ऊर्जा जाते कोठे? १८८९ च्या लेखात त्यांनी याचे गणित मांडले. ऊर्जा केवळ तारेत नसून भोवतालच्या क्षेत्रात असते. तारेजवळ ती झोपाळ्यासारखी हेलकावते: कधी विद्युत्क्षेत्रात, कधी चुंबकीय क्षेत्रात, बरीचशी बाहेर जाऊन परत येते. तरंगलांबीच्या साधारण सहाव्या हिश्श्यापर्यंत या येरझाऱ्यांचा जोर असतो. त्यापलीकडे बलरेषांची वेटोळी तारेपासून सुटतात आणि प्रकाशाच्या वेगाने निघून जातात. ती ऊर्जा परत येत नाही. तारेतील आंदोलने लवकर मंदावण्याचे एक कारण हेच, असे त्यांनी दाखविले. रेडिओला पोहोचते ती ही सुटलेली ऊर्जा. बलरेषांच्या त्यांच्या आकृत्या आजही पाठ्यपुस्तकांत आढळतात.

१८८९ मध्ये ते बॉन विद्यापीठात गेले. पुढे दुखणे जडले, शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि दोन लहान मुली राहिल्या. १८९५ मध्ये मार्कोनी यांनी याच लहरींवरून संदेश पाठविले.