लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) या मराठी लेखिका व कवयित्री होत्या. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी गद्यातील श्रेष्ठ ग्रंथांपैकी एक मानले जाते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती होत. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनी पूर्णत्वास नेले.

बालपण आणि विवाह

लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांचे आजोबा (आईचे वडील) वासुदेव भगवंत जोग यांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी देण्यात आली होती. या घटनेचा त्यांचे वडील नाना गोखले यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि त्यांचे सोवळे पराकोटीला गेले. बाजारातून आलेले धान्यही धुतल्याखेरीज घरात घेतले जात नसे. शिवाशिवीच्या या धाकात मनकर्णिकेचे बालपण गेले. तिला शाळेत घालण्याचा प्रश्नच नव्हता.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि त्या लक्ष्मीबाई झाल्या. मुरबाड येथे सासऱ्यांच्या घरी त्यांनी सासुरवासाचे दिवस काढले. टिळक प्रतिभावंत, पण शीघ्रकोपी आणि फिरस्ते होते. नोकरी सोडून न सांगता घराबाहेर पडणे, हाती आलेला पैसा गरजूंना देऊन टाकणे हे त्यांच्या संसारात नित्याचे होते. पत्नीला शिकवण्याचे त्यांचे प्रयत्नही असेच अधूनमधून चालत. त्यातून लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली. यापलीकडे त्यांना औपचारिक शिक्षण मिळाले नाही.

वियोग आणि धर्मांतर

नारायण टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तत्कालीन समाजात धर्मांतरित माणूस कुटुंबाला मेल्यासारखाच असे. लक्ष्मीबाई मुलगा देवदत्त याच्यासह नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. पती जिवंत असूनही संसार मोडलेला, अशा अवस्थेत त्यांनी नाशिक व पंढरपूर येथे दिवस काढले. काही काळाने त्या टिळकांकडे परतल्या, परंतु आपला धर्म आणि आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवून त्या एकाच घरात राहू लागल्या.

त्यांचे मतांतर पतीच्या आग्रहाने झाले नाही. जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःपुरता विचार केला आणि तो मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धा त्यानंतर आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर येथील वास्तव्यात त्यांनी अनाथ मुलांना घरात आश्रय दिला आणि प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा केली. बालकवी ठोंबरे हे टिळकांच्या घरी राहत असताना लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले.

काव्यलेखन

टिळकांच्या घरी कवितेचे वातावरण होते. १९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन करीत होते. मिशनऱ्यांच्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग, ओवी यांसारख्या देशी रूपांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त व्हावी, अशी त्यांची धारणा होती. लक्ष्मीबाईंना ओवी लहानपणापासून कानावरून परिचित होती. त्यामुळे पुस्तकी विद्या नसतानाही त्या काव्यरचना करू शकल्या. 'करंजीतील मोदक' ही त्यांची कविता परिचित आहे. 'भरली घागर' हा त्यांचा कवितासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहिण्यास घेतले होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने (१६१६) सुरू झालेल्या मराठी ख्रिस्ती पुराणकाव्याच्या परंपरेत या ग्रंथाचे स्थान आहे. हे काम करताना लक्ष्मीबाईंना पतीने आखलेल्या चौकटीत आणि त्याने निवडलेल्या छंदात लिहावे लागले.

स्मृतिचित्रे

वैधव्यात लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम केले. पुढे त्या काही काळ कराचीत राहिल्या आणि अखेरीस नाशिकला स्थायिक झाल्या. देवदत्त टिळक वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या तयारीत होते. त्यांना साहित्य मिळावे म्हणून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहून काढण्यास आरंभ केला. दुसऱ्याच्या चरित्राची टिपणे म्हणून सुरू झालेले हे लेखन स्वतंत्र आत्मचरित्र ठरले. ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर देवदत्तांनी पुरा करून प्रकाशित केला.

मराठीत धर्मांतराची आत्मकथा यापूर्वीही होती. बाबा पदमनजी यांच्या 'अरुणोदय' या ग्रंथात धर्मविचार आणि धर्मांची तुलना यांना महत्त्व आहे. 'स्मृतिचित्रे'तील धर्मांतर मात्र चूल, पाण्याचे भांडे आणि पंगत यांतून उलगडते. धुतलेल्या धान्याच्या घरात वाढलेली स्त्री सर्वांच्या पंगतीत कशी येऊन बसली, याचे हे वर्णन आहे. त्यात उपदेश जवळजवळ नाही. लेखिका ज्या निष्ठेने श्रद्धेविषयी लिहिते, त्याच निष्ठेने पतीचा संताप, त्याची हेकटवृत्ती आणि स्वतःचा हट्टही नोंदवते. टिळकांची संतप्रतिमा जपण्याचा मोह तिने टाळला आहे. म्हणूनच त्यांचे थोरपण वाचकाला पटते.

भाषेच्या दृष्टीने हा ग्रंथ बोलीच्या जवळचा आहे. छोटी वाक्ये, प्रसंगातील विसंगती टिपणारा विनोद आणि स्वतःवर हसण्याची तयारी ही त्याची वैशिष्ट्ये होत. ग्रांथिक मराठीचे संस्कार न झाल्याची उणीव लक्ष्मीबाईंच्या बाबतीत बलस्थान ठरली, असे म्हणता येते.

सन्मान आणि वारसा

१९३३ साली नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंनी भूषविले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' त्यानंतर, १९३८ साली ग्रंथरूपाने प्रकाशित झाले.

'स्मृतिचित्रे'च्या अनेक आवृत्त्या निघाल्या. जोसेफिन इंकस्टर, लुई मिनेझिस आणि शांता गोखले यांनी त्याचे इंग्रजी अनुवाद केले. विजया मेहता यांनी या ग्रंथावर आधारित दूरचित्रपट दिग्दर्शित केला असून त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथासह 'स्मृतिचित्रे' हे मराठी स्त्रीआत्मचरित्राच्या अभ्यासातील पायाभूत लेखन समजले जाते.