मुळाचा शोध घेणारे डॉ. आघारकर

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाच्या रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नामसाधर्म्यामुळे अनेकांची गल्लत होते. रस्ता समाजसुधारक आगरकरांच्या स्मृतीचा. संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना ते सह्याद्रीत हिंडून नमुने गोळा करीत. सातारा भागात त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. त्याचे भाऊबंद तोवर केवळ आफ्रिकेत ज्ञात होते. सजीव मूळचा कोठला, हा प्रश्न पुढे त्यांच्या संशोधनाचा गाभा ठरला.

कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाल्यावर ते उच्च अध्ययनासाठी जर्मनीला गेले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ते स्थानबद्ध झाले. तरीही १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. वायव्य भारताच्या रुक्ष प्रदेशातील वनस्पती आल्या कोठून आणि त्यांच्या बिया पसरल्या कशा, हा प्रबंधाचा विषय होता.

निवृत्तीनंतर विश्रांती न घेता १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात संस्थेने सोयाबीन हाती घेतले. ‘एमएसीएस ४५०’, ‘एमएसीएस ११८८’ हे वाण तिचेच. या पिकात आघारकरांचा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. वाणांची नावे अनेक असली, तरी भारतातील कित्येक वाणांची वंशावळ अमेरिकेतून आलेल्या ‘ब्रॅग’सारख्या मोजक्या पूर्वजांपाशी पोहोचते. अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगावचा शेतकरी पिशवीवरचे नाव बदलून पेरतो. आतले रक्त मात्र जवळच्याच नात्याचे असू शकते. अशा पिकाला एकच रोग सर्वत्र गाठू शकतो. पिवळ्या मोझॅकने २०२३ मध्ये विदर्भात केलेली हानी विस्मरणात गेलेली नाही.

पाने, फुले, शेंगा सारख्या दिसल्या म्हणून नाते सिद्ध होत नाही. रेण्वीय मार्कर डीएनएमधील ठरावीक जागांची तुलना करून दोन वाणांतील अंतर दाखवितात. त्यावरून पैदासकाराला दूरच्या नात्यातील पालक निवडता येतात. आघारकरांच्या हाती हे साधन नव्हते. वाळवलेले नमुने, बियांची रचना आणि नकाशा एवढ्यावरच त्यांनी वनस्पतींची मुळे धुंडाळली. साधने बदलली, प्रश्न तोच राहिला आणि आता त्याच्या उत्तरावर शेतकऱ्याचा हंगाम अवलंबून आहे.