लोकमान्यांचें तालमीचें वर्ष

आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. त्याच तारखेस, १९२० सालीं, लोकमान्य टिळकांनीं मुंबईस देह ठेविला होता. त्यांचें राजकीय चरित्र आमचे विद्यार्थी क्रमिक पुस्तकांत वाचतातच. येथें आम्ही त्यांच्या कॉलेजांतील एका वर्षाविषयीं लिहीत आहों.

बळवंतराव २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस जन्मले. आई लहानपणींच गेली. १८७२ सालीं वडील गंगाधरपंतही निवर्तले. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झालेला हा तरुण बुद्धीनें तल्लख, पण अंगानें अगदींच किडकिडीत होता. लग्न आधींच झालें होतें, आणि पत्नी सत्यभामाबाई प्रकृतीनें त्यांच्याहून धडधाकट. त्यावरून सोबती थट्टा करीत, असें सांगतात. ती थट्टा त्यांस झोंबली असावी. कॉलेजांतील पहिलें वर्ष त्यांनीं शरीरासच वाहून टाकिलें. रोज तालीम, कुस्ती, नदींत पोहणें, नाव वल्हविणें, आणि त्या श्रमांस साजेसा आहार! अभ्यास मागें पडला. तें नुकसान त्यांनीं जाणूनबुजून पत्करिलें.

हें वाचून पालक दचकतील. वर्ष बुडवावें असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु चिंचणी-तारापूरचा किनारा इतका जवळ असतां बोईसरच्या मुलांस शिकवण्यांच्या धांवपळींत घाम गाळावयास अर्धा तासही मिळूं नये, हें आम्हांस खटकतें. कोणी वडापाव खाऊन फुगतो, तर कोणी आरशापुढें उपाशी राहून वाळतो. बळवंतरावांस वजन वाढवावयाचें होतें, तेंही कामास येणारें.

पुढें गणित घेऊन ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, १८७९ मध्यें एलएल. बी. झाले. १८९७ सालीं दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, तेव्हां तुरुंगांतील अन्नानें त्यांचें वजन झपाट्यानें उतरलें. १९०८ मध्यें, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, मधुमेह जडलेला असतां, त्यांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ब्रह्मदेशांत मंडालेस धाडण्यांत आलें. तेथें पथ्य सांभाळून त्यांनीं १९१०-११ च्या हिवाळ्यांत शिसपेन्सिलीनें गीतारहस्य लिहून काढिलें. तालमीच्या त्या वर्षाचा यांत मोठा वांटा होता, असें आमचें मत आहे.

जून १९१४ मध्यें ते पुण्यास घरीं परतले. सत्यभामाबाई मात्र १९१२ सालींच, ते मंडालेस असतां, निवर्तल्या होत्या.