झू दान्शी : सांधेदुखीचा मागोवा घेणारा वैद्य

चीनच्या वैद्यकशास्त्रात मध्ययुगातील चार आचार्यांची नावे आदराने घेतली जातात. त्यांपैकी शेवटचे झू झेनहेंग. झेजियांग प्रांतातील यीवू येथे 1281 साली त्यांचा जन्म झाला. दान्शी नावाच्या ओढ्याकाठी त्यांचे घर होते, म्हणून लोक त्यांना झू दान्शी म्हणत.

त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत घरातील मृत्यूंची एक यादी आहे. ती वाचून आम्ही आजही अस्वस्थ होतो. वडील, थोरले चुलते, धाकटे चुलते, लहान भाऊ, पत्नी. भावाचे दुखणे तर केवळ पायाचे होते. ही सारी माणसे चुकीच्या औषधाने दगावली, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

तिसाव्या वर्षी आईच्या आजारपणामुळे त्यांनी वैद्यकाचा प्राचीन ग्रंथ हाती घेतला आणि पाच वर्षांच्या अभ्यासानंतर आईला बरे केले. पुढे ते शू च्यान या तत्त्वज्ञांचे शिष्य झाले. गुरू दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनीच या शिष्याला वैद्यक शिकण्यास सुचविले, आणि शासकीय परीक्षांचा नाद झू यांनी कायमचा सोडला.

त्या काळी सुंग राजवटीने प्रसिद्ध केलेल्या सरकारी औषधसंग्रहाचा मोठा दबदबा होता. रोगाचे नाव पाहावे आणि छापील योग द्यावा, अशी वहिवाट पडली होती. झू यांनी हा संग्रह रात्रंदिवस बसून स्वतः उतरवून काढला. मग त्यांना प्रश्न पडला, जुन्या ठरीव योगांनी आजचे नाना प्रकारचे रुग्ण कसे बरे होणार? उत्तरासाठी ते गावोगाव हिंडले. अखेर 1325 साली हांगझोऊ येथे लुओ झीती यांच्या दारी पोहोचले. लुओ यांची विद्या एका बौद्ध भिक्खूंकडून आलेली होती. स्वभाव मात्र अत्यंत तापट. पाच-सात वेळा शिव्या खाऊनही झू तीन महिने दारातून हलले नाहीत, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला.

तेथे पाहिलेला एक रुग्ण त्यांनी पुढे सविस्तर नोंदविला. पंचवीस वर्षांचा एक तरुण भिक्खू आईच्या आठवणीने खंगला होता. घरी परतण्यास पैसे नव्हते. लुओ यांनी त्याला लगेच औषध दिले नाही. पंधरवडाभर शेजारी ठेवून घेतले, मांस मऊ शिजवून खाऊ घातले, धीर दिला, वाटखर्चाचे वचन दिले. अंगी थोडी शक्ती आल्यावरच रेचक दिले.

1347 च्या आपल्या ग्रंथात झू यांनी ‘थुंगफंग’ या सांध्यांच्या तीव्र वेदनेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तापलेले रक्त गार पाण्याने, ओलसर जमिनीने किंवा वाऱ्याने एकाएकी थंडावते, गढूळ होऊन अडते आणि रात्री ठणका वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून केवळ उष्ण औषधांचा मारा त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या नावे चालत आलेल्या एका योगात दोनच द्रव्ये आहेत : त्सांगझू हे मूळ आणि ह्वांगबो ही साल. दोन्ही भाजून चूर्ण करायचे व आल्याच्या रसासह गरम पाण्यातून घ्यायचे. पथ्यात मांस, मासळी, मद्य वर्ज्य. गाऊटमध्ये युरिक आम्ल वाढते हे ज्ञान कित्येक शतकांनंतरचे; पथ्य मात्र बव्हंशी तेच.

चीनमध्ये गाऊटला आजही थुंगफंगच म्हणतात. परंतु झू यांच्या या संज्ञेत गाऊटबरोबर सांध्यांच्या झिजेचे व इतर दुखणेही सामावले होते. म्हणून त्यांचे योग कोणी आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांच्या एका योगात फांगजी नावाचे मूळ आहे. 1990 नंतरच्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधात त्याऐवजी दुसरेच विषारी मूळ गेले आणि शंभराहून अधिक रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली.

वैद्य म्हणून नाव झाल्यावरही पाऊस असो वा बर्फ, बोलावणे आले की झू निघत. गरिबांकडून मोबदला घेत नसत. ज्यांना कोणी नव्हते, त्यांच्याकडे न बोलावता जात. 1358 साली, अखेरच्या क्षणी, त्यांनी पुतण्याला जवळ घेतले, वैद्यक ही अवघड विद्या आहे हे लक्षात ठेवण्यास सांगितले आणि बसल्या बसल्याच प्राण सोडला.